भारद्वाज पेन कुणाचा

फेब्रुवारी निम्मा सरला की बारामतीचा आवाज बदलतो. उसाच्या ट्रॅक्टरवरची गाणी तेवढीच मोठ्यानं वाजत असतात, पण गल्लीतले टीव्ही बारीक होतात. आया पोरांवर ओरडतात तेही दबक्या आवाजात. झेरॉक्सच्या दुकानापुढं रांगा लागतात. कारखान्याकडून वारा आला की मळीचा आंबूस वास येतो, आणि कडुनिंबाची पिवळी पानं आमच्या ग्रंथालयाच्या खिडकीतून थेट टेबलावर येऊन पडतात. मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. वर्षभर तोंड न दाखवलेली पोरं या दिवसांत सकाळपासून खुर्च्या धरून बसतात, आणि त्यांच्याकडं बघून दर वर्षी मीच पर्समधला पेन लिहितोय ना ते तपासते. माझी दहावी होऊन तीस वर्षं उलटली. हाताला ते अजून कुणी सांगितलेलं नाही.

यंदा बारावीची एक मुलगी खिडकीपाशी लिहीत बसली होती. तिच्या मधल्या बोटाला निळी शाई लागली होती. असं शाईचं बोट मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. इतकं बरं वाटलं की मी जागेवरून उठून तिच्यापाशी गेले. मग तिच्या हातातला पेन दिसला. तपकिरी अंग, त्यात काळ्या लाटा, आणि टोपणावर कोरलेला छोटा पक्षी.

"हा कुठून आणलास?"

"ऑनलाइन मागवला, मॅडम. भारद्वाज. मामानं दिला, परीक्षेसाठी."

मी परत येऊन बसले. भारद्वाज पेन इंदापूरच्या एका खोलीत बनत असे. तो बंद होऊन वीसेक वर्षं झाली. तो बनवणारे अब्बास मिस्त्री आज हयात नाहीत. आणि फेब्रुवारी महिन्यात परीक्षेसाठी म्हणून कुणाच्या हातात नवा भारद्वाज दिसावा, ही गोष्ट तर मिस्त्रींच्या हयातीत घडणंच शक्य नव्हतं.

त्याच संध्याकाळी मीही एक मागवला. चार दिवसांनी खोका आला. खोका सुरेख होता, हे कबूल करते. आत मऊ कापड, त्यावर पेन, आणि पेनाखाली गुळगुळीत कागदाचं पत्रक. वर लिहिलं होतं, 'परीक्षा विशेष आवृत्ती'. खाली मजकूर होता, की ग्रामीण महाराष्ट्रातल्या एका अनामिक कारागिरानं जन्माला घातलेली आणि काळाच्या ओघात लुप्त झालेली ही लेखनपरंपरा आम्ही पुन्हा तुमच्या हाती देत आहोत.

मी ते पत्रक तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा मोठ्यानं वाचलं, कारण नवरा विचारत होता की चहा गार का होतोय.

अनामिक! अब्बास मिस्त्रींचं नाव इंदापूरच्या स्टँडवर उतरून कुणालाही विचारलं असतं तरी कळलं असतं. आजही कळतं. आणि लुप्त? लुप्त झालेला माणूस निदान बारामतीहून एसटीनं दीड तासात गाठता येणार नाही इतका लांब तरी गेलेला असावा. मिस्त्रींची मुलगी नसीमआपा आज, या क्षणी, इंदापुरात निबा घासत बसलेली आहे. तिच्या दुकानावर बोर्ड आहे. त्या बोर्डवर हाच पक्षी आहे. एवढं सगळं नांदतं असताना त्याला लुप्त म्हणायला माणसाच्या अंगात काय लागत असेल?

"लिहून तरी बघ," नवरा म्हणाला. "भांडायचंय तर पुरावा नको?"

मी शाई भरली आणि लिहिलं. आणि इथं मला खरं सांगितलं पाहिजे, कारण नाहीतर या रागाला अर्थ नाही. पेन चांगला लिहीत होता. थोडा कोरडा, थोडा सगळ्यांसाठी सारखा, पण चांगला. शाई अडत नव्हती, टोपण घट्ट बसत होतं. तो वाईट निघाला असता तर माझं किती सोपं झालं असतं! मी पानभर लिहीत राहिले आणि प्रत्येक ओळीला मला लाज वाटत गेली.

*

जुने पेन जमवणाऱ्यांचा आमचा मोबाईलवर एक गट आहे. कुणी पुण्याचं, कुणी सोलापूरचं. एकमेकांना आम्ही फारसे भेटलेलो नाही. पण कुणाच्या पेनाची जीभ फुटली, म्हणजे निबेखालची ती दातेरी पट्टी फुटली, तर सगळे सुतकात असल्यासारखे बोलतात. मी या गटात आले ती केवळ भारद्वाजमुळं. काटेवाडी, पणदरे, लोणी भापकर, जिथं जुनं किराणा-स्टेशनरीचं दुकान दिसेल तिथं मी आत शिरून विचारते, "भारद्वाज राहिलाय का एखादा?" कधी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, रबरं आणि सुतळीच्या गुंड्यांखाली एखादा निघतो. घरी आणून मी तो कोमट पाण्यात ठेवते, पुसते, कापसात गुंडाळून कपाटात ठेवते. नवरा म्हणतो, "पेन पुसण्यात घालवतेस तेवढा वेळ माझ्यावर घालवला असतास तर मीही चकाकलो असतो."

नव्या पेनाचा फोटो गटावर आला आणि दोन तट पडले. पुण्याचे बापटकाका निवृत्त इंजिनिअर आहेत, बोलणं मऊ. त्यांनी लिहिलं, "ताई, ब्रँड मेला होता, तो जगला. आनंद माना." सोलापूरचा महेश औषधांचं दुकान चालवतो. तो पेटला होता. मला वाटलं, हा आपल्या बाजूचा. पण त्याचं दुःख वेगळंच होतं. "माझ्याकडं बारा अस्सल भारद्वाज आहेत. आता कोण विचारणार त्यांना? कुणाच्याही खिशाला दिसणार!"

एकाला नाव जगल्याचा आनंद, दुसऱ्याला आपलं दुर्मीळपण गेल्याचं दुःख. मी लिहिलं, "पत्रकात मिस्त्रींना अनामिक म्हटलंय. कंपनीला आपण सगळे मिळून पत्र लिहू या." उत्तरादाखल अंगठे आले, जोडलेले हात आले, एक रडका चेहरा आला. बापटकाकांनी मात्र सविस्तर लिहिलं, "नाव कंपनीनं नोंदवलंय, म्हणजे कायद्यानं त्यांचंच बरोबर आहे. मिस्त्रींनी नाव नोंदवायला हवं होतं. आपल्या लोकांत जागरूकता नाही."

जागरूकता! मी फोन उपडा ठेवला.

*

आमची वस्ती लासुर्ण्याच्या बाजूला, पाटाच्या कडेला. आई खुरपणीला जायची, वडील हंगामात कारखान्यावर. भिंतीवर निळ्या कोटातल्या माणसाचा फोटो होता आणि त्या कोटाच्या खिशाला पेन होता. घरात दुसरा पेन माझा. चुलतभावानं वापरून दिलेला.

तो पेन मी कसा घालवला हे सांगायला आजही जीभ रेटत नाही. शाळेतून येताना उसाची ट्रॉली चढावर सावकाश जात होती. आम्ही पोरं मागं धावून तिच्यातला ऊस उपसायचो. आमच्या भागात हे न केलेलं माणूस सापडणार नाही. मी कांडकं ओढलं, आणि वाकले तेवढ्यात दप्तराच्या कप्प्यातला पेन घरंगळला. मागच्या चाकाखाली गेला. आवाजसुद्धा आला नाही. ट्रॉली पुढं गेली आणि रस्त्यावर एक निळा डाग राहिला. दहावीच्या पेपरला महिना उरला होता.

आईनं मारलं नाही. एवढंच म्हणाली, "खाल्लास ना ऊस? आता उसानंच पेपर लिही."

पण दुसऱ्या दिवशी तिनं कामाचा खाडा केला आणि मला एसटीत घातलं. बाहेर शाळू पिवळा पडला होता. कुठं कुठं हुरड्याच्या आगट्यांचा धूर होता. निमगाव येईपर्यंत आई पदराच्या गाठीतले पैसे चाचपत होती. मग घरच्या फोटोतल्या माणसाबद्दल म्हणाली, "त्यांच्या खिशाला पेन हाय. माझ्या पोरीच्या हातात नको व्हय?"

मिस्त्रींच्या खोलीत शिरल्या शिरल्या नाकात काडेपेटीसारखा वास गेला. काळ्या-तपकिरी कठीण रबराच्या दांड्या लेथवर फिरत होत्या आणि त्यांच्या कुरळ्या साली मिस्त्रींच्या दाढीत अडकल्या होत्या. चष्मा दोऱ्यानं बांधलेला. मागं त्यांची वीसेक वर्षांची मुलगी मांडीवर फळी घेऊन काळ्या दगडावर निबा घासत होती.

"कितवीला?" मिस्त्रींनी विचारलं.

"धावीला," आईनं सांगितलं.

"संक्रांत कवा झाली?"

"झाली की मागल्या म्हैन्यात. का, तुमाला काय वाण द्यायचं ऱ्हायलंय?"

मिस्त्री हसले, लेथ थांबवला. "तसं न्हाय, बाई. संक्रांतीनंतर आमी धावी-बारावीच्या पोरास्नी नवा पेन इकत न्हाय. नवा पेन म्हैनाभर कुणाचं ऐकत न्हाय. पोरगी पेपर लिवल का पेनाची समजूत घालत बसंल?"

"अवो, पण जुना ट्रॉलीखाली गेला की."

"मंग दुसऱ्या कुणाचा जुना आना."

आई भांडायला उभी राहिली तर माघार घेत नसे. ती म्हणाली, "दुकान मांडलंय का देऊळ? गिऱ्हाईक पैसं घिऊन उभं हाय आन् तुमी न्हाय म्हनताय!" मिस्त्रींनी लेथवरची दांडी उचलून पुसायला घेतली. पण नाही म्हणत मान हलवत राहिले. ती मान मी विसरलेले नाही. त्या मानेत आमच्याबद्दल तुच्छता नव्हती. आई दुसरीकडं जाऊन पेन घेऊ शकली असती, हे त्यांना माहीत होतं. तरीही ते विकत नव्हते.

तेवढ्यात मागची मुलगी उठली. फळीवरच्या कंपासपेटीतून एक भारद्वाज काढून तिनं माझ्यापुढं धरला. "ह्यो नवा न्हाय. माझा हाय. म्या धावी ह्याच्यावरच केली."

"मग तुम्हाला?" मी विचारलं.

"मला आता कुटं पेपर हाय?" ती म्हणाली आणि हसली. मिस्त्रींनी लेथकडं तोंड फिरवलं. त्या हसण्याचा अर्थ कळायला मला पुढं बरीच वर्षं लागली.

मग मिस्त्रींनी मला फूलस्केप कागद दिला. "लिही. काय बी लिही, पर पान भरलं पायजे." मी पुस्तकातली प्रतिज्ञा लिहिली, परत लिहिली, परत लिहिली. पान भरल्यावर त्यांनी वरच्या ओळी तळहातानं झाकल्या. "पैली वळ समद्यांचीच गोड येती. दमल्यावर हात कसा पडतो ते बघायचं." शेवटच्या तीन ओळींवर बोट फिरवत ते मुलीला म्हणाले, "नसीम, हितं बघ. हितं पोरगी आंगठ्यावर भार टाकाय लागली."

नसीमनं निब काढली. दगडावर पाण्याचा थेंब टाकून चार वेळा फिरवली, मग कागदावर ओढताना कान अगदी जवळ नेला. खरखर ऐकायची, परत घासायची. दमलेल्या हातासाठी ती निब तयार होत होती. तीन तासांच्या पेपरातला शेवटचा अर्धा तास तिनं त्या दिवशी माझ्यासाठी आधीच लिहून ठेवला, असं मला आजही वाटतं.

त्या पेनानं मी दहावी झाले, बारावी झाले, पदवी घेतली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. पेपरला जाताना उसाच्या कडेनं भारद्वाज पक्षी चालत जाताना दिसला तर पेपर सोपा जातो, असं आमच्याकडं पोरं मानतात. मिस्त्री म्हणायचे, रोज कुठला दिसायला बसलाय, त्यापेक्षा खिशाला लावून जा. पेनाचं नाव पडलं ते असं. हे काय लुप्त आहे? हे मला ठाऊक आहे, आईला ठाऊक आहे, इंदापूर-बारामती रस्त्यावरच्या निम्म्या मास्तरांना आणि नर्सबायांना ठाऊक आहे.

*

पत्रक आल्यानंतर आठवड्याभरानं कंपनीतून फोन आला. मुलगा गोड बोलत होता. माझ्याकडं जुने भारद्वाज आहेत असं त्यांना गटातल्या कुणाकडून तरी कळलं होतं. बारामतीत एक समारंभ करायचा होता. त्यात काचेच्या पेटीत माझा पेन ठेवायचा आणि मी दोन शब्द बोलायचे.

"मॅडम, तुमची स्टोरी फार इन्स्पायरिंग आहे. खेड्यातली मुलगी, एक पेन, आणि डिग्री! ब्रँडबद्दलची तुमची कृतज्ञता लोकांपर्यंत पोचली पाहिजे."

"माझी कृतज्ञता ज्यांच्याबद्दल आहे त्यांची मुलगी इंदापुरात बसते," मी म्हटलं. "तिला बोलावलंय का?"

त्यानं पलीकडं कुणाला तरी काही विचारलं. मग म्हणाला, "हो, आम्हाला कल्पना आहे त्यांची. लीगल टीमनं त्यांना कळवलंय. बोर्डबद्दल."

म्हणजे माहीत होतं! पत्रक छापणाऱ्याला अब्बास मिस्त्रींचं नाव माहीत नव्हतं, पण नोटीस धाडणाऱ्याला त्यांच्या मुलीचा पत्ता बरोबर माहीत होता. एकाच कंपनीत, कदाचित शेजारशेजारच्या टेबलांवर, एक माणूस लिहितो की कारागीर अनामिक आहे आणि दुसरा त्याच कारागिराच्या घराचा पिनकोड टाकतो. आमच्यासारख्यांना कृतज्ञ राहायला लहानपणापासून शिकवलं जातं, आणि ते मला कधी जड झालं नाही. पण कृतज्ञता माणसाची असते. ती कंपनीच्या छापासोबत विकली जात नाही. मी त्या मुलाला पेन देणार नाही म्हणाले. आणखीही बरंच म्हणाले. ते इथं लिहीत नाही. तो बिचारा पगारी होता.

रविवारी मी इंदापूर गाठलं. नसीमआपाचं दुकान म्हणजे शिंप्याच्या दुकानाशेजारचा एक गाळा. वर पत्र्याचा बोर्ड: 'भारद्वाज पेन. येथे निब घासून मिळेल.' बाजूला मिस्त्रींनी स्वतः रंगवलेला पक्षी, तांबूस पंख, लाल डोळा. पंखाचा रंग उडालाय, पण डोळा अजून लाल आहे. खाली पायरीवर दहावीच्या दोन मुली कागद भरत बसल्या होत्या, आणि आपा निब घासत होती. हातातला पेन नवा होता. कंपनीचा.

"आपा, त्यांचेच पेन तुम्ही नीट करून देताय?" मी चप्पल काढायच्या आधीच विचारलं.

"पेन त्यांचा. पेपर पोरींचा," ती मान वर न करता म्हणाली. "बस. ह्या आठवड्यात धा-बारा आले आसतील. कोन मामा देतो, कोन आत्या. फेब्रुवारीत नवा पेन देत्यात येड्यावानी. अब्बा आसते तर एकेकाच्या मामाला हितं उभं केलं आसतं."

नोटीस तिनं रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवली होती. इंग्रजीत होती. शेजारच्या शिंप्यानं मोबाईलवरून तिचा अर्थ लावला होता. "पंधरा दिस दिल्यात. बोर्ड उतरवा म्हनत्यात. म्या त्यांचं नाव वापरत्ये म्हनं." ती हसू लागली आणि मधेच थांबली. "बाकी नेलं तर नेऊ द्या. दुकानाला कुनी वळखत न्हाय आसं न्हाय. पर त्ये पाखरू अब्बांनी सोता काढलंय. तवा येका डोळ्यानं दिसत नव्हतं त्यांला, कान्या डोळ्यावर हात ठिवून काढलं. त्ये म्या माझ्या हातानं पुसू व्हय?"

सांत्वन म्हणून मी म्हटलं, "माझ्याकडं त्यांचे एकोणीस पेन आहेत. अगदी जपून ठेवलेत. कापसात."

"कापसात?" आता तिनं मान वर केली. "पेन हाय का मढं? लिव त्येनी!"

पायरीवरच्या मुली फिसकन हसल्या. मी त्या हसण्याच्या लायकच होते. बापटकाका, महेश, मी. आम्ही नाव जपलं, अंग जपलं, दुर्मीळपण जपलं. कंपनीनं नाव उचललं म्हणून मी चिडले होते. पण वीस वर्षांत आमच्या गटातल्या कितीजणांनी आपल्या पेनाची निब आपाकडून घासून घेतली होती? मीच शेवटची कधी आले होते? कंपनीनं ज्या जागेत हात घातला ती जागा आम्ही रिकामी ठेवली होती. याचा मला राग आला, आणि हा राग कुणाच्या अंगावर टाकता येत नव्हता.

"तू शिकलेली," आपा म्हणाली. "उत्तर तू लिही. मराठीत लिही. त्यांनी इंग्रजीत धाडलं, त्यांचं त्यांला लखलाभ."

मी पर्समधला नवा भारद्वाज काढला. तिला दाखवून चार शिव्या ऐकाव्यात म्हणूनच आणला होता. तिनं तो घेतला, निब कानापाशी ओढून पाहिली, "बरा हाय की," म्हणाली, आणि दगडावर दोनदा फिरवून परत दिला. मी शिंप्याच्या कटिंगच्या टेबलावर बसून चार पानं लिहिली. आयुष्यातलं सगळं मराठी त्यात घातलं. मग तिनं ती वाचायला लावली.

"हा दिवसाढवळ्या घातलेला सांस्कृतिक दरोडा..." मी वाचू लागले.

"दरोडा खोड."

"का?"

"दरोडेखोर पत्र धाडून येत न्हाईत. फुडं."

"एका महान परंपरेचा..."

"परंपरा खोड. त्यांच्या खोक्यावर बी त्योच शबुद हाय."

"एका गरीब, असहाय स्त्रीच्या..."

तिनं दगड बाजूला ठेवला. "गरीब कुनाला म्हनलीस? म्या तुला कवा म्हनले का, गरिबाची पोर हाईस म्हून पेन देत्ये?"

मी खोडलं. शिंपी मशीन थांबवून ऐकत होता. तो म्हणाला, "आपा, निदान 'आपली नम्र' तरी ऱ्हाऊ द्या." आपा म्हणाली, "त्ये ऱ्हाऊ दे. नम्र तर म्या हायेच." चार पानांची दोन झाली, दोनाचं एक, एकाचं अर्धं. उरलं त्यात माझं एक विशेषण शिल्लक नव्हतं, आणि इतकं संतापलेलं पत्र मी आजवर लिहिलं नव्हतं. खाली तिनं स्वतः सही केली, पूर्ण नावानं, सावकाश. सोमवारी मी ते रजिस्टर पोस्टानं धाडलं. गटावरही टाकलं. बापटकाकांनी अजून काही लिहिलेलं नाही. महेशनं विचारलं, दुकान नेमकं कुठं, त्याला दोन पेन दाखवायचेत. कंपनीचं उत्तर आलेलं नाही. पंधरा दिवस काल संपले. बोर्ड जागेवर आहे. दहावीचा मराठीचा पेपर झाला, उद्या दुसरा आहे.

पत्र असं आहे:

'भारद्वाज हे नाव माझे वडील अब्बास मिस्त्री यांनी ठेवलं. तुमच्या पत्रकात त्यांना अनामिक म्हटलं आहे. त्यांचं नाव वर लिहिलं आहे, पुढच्या छपाईत घालावं. दहावी-बारावीच्या मुलांना संक्रांतीनंतर नवे पेन विकू नयेत. विकलेच तर मुलांना माझ्याकडं पाठवावं, मी निबा घासून देईन. बोर्डवरचा पक्षी माझ्या वडिलांनी काढलेला आहे. बोर्ड मी उतरवणार नाही. उतरवायचा असल्यास आपण स्वतः यावं. दुकान सकाळी दहा ते संध्याकाळी सहा उघडं असतं. शुक्रवारी दुपारी एक तास बंद.'